मन नाही गे

सुंदराक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारूला भावाकडे होते. तिच्या समोरच्या घरातली शांता बोलत होती. "दार उघडेना, म्हणून कडी तोडली," एवढंच म्हणाली. मिळेल ती बस पकडून तंजावूरला पोचले, रात्री चेन्नईहून तिचा पुतण्या आला. त्यानंच सगळं केलं, नीट केलं, आणि दुसऱ्या दिवशी परतही गेला. अक्कानं वाढवलेली कयल मात्र आली नाही. सगळी गल्ली तिच्याबद्दल काहीबाही बोलली. मी तेव्हा गप्प राहिले, म्हणून आज लिहायला बसले आहे.

अक्का माझी मामेबहीण, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन पुण्याला गेले आणि नवरा गेल्यावर परत आले. ती राजवाड्यामागच्या गल्लीतून कधी हललीच नाही. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं एकटी पडल्यावर तिनं बालकल्याण समितीकडून एक मुलगी सांभाळायला आणली. दत्तक नव्हे, फक्त सांभाळायला. मुलीचा बाप कुठंतरी जिवंत असावा, म्हणून दत्तक देता येत नव्हती. नऊ वर्षांची कयल घरात आली तेव्हा तिला तमिळखेरीज एक अक्षर येत नव्हतं. अक्का तिच्याशी पहिल्या दिवसापासून आपली जुनी तंजावरी मराठी बोलत राहिली आणि वर्षभरात पोरगी फडाफडा बोलायला लागली. आमच्या सख्ख्या नातवंडांना मराठी नुसती कळते, उत्तर तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत येतं. गल्लीतलं मराठी बोलणारं शेवटचं लेकरू तमिळ निघालं, यावर आम्ही पोट धरून हसायचो.

आम्हा तंजावरी लोकांना एक खोड आहे. चारचौघांत काही खासगी बोलायचं असलं की आम्ही हळूच मराठीत शिरतो. दुकानात भाव जास्त वाटला, लग्नात नवरी पसंत पडली नाही, की शेजारणीकडे झुकून मराठीत पुटपुटायचं. आजूबाजूच्या कुणाला कळत नाही. अक्का आणि कयल यात पटाईत होत्या. बसमध्ये शेजारी बसून दोघी अख्ख्या बसची थट्टा करायच्या, तोंडं मात्र देवळात बसल्यासारखी.

कयलला सैन्यात जायचं होतं. शाळेच्या मैदानावर ती पहाटे धावायची आणि अक्का कट्ट्यावर तिचे जोडे सांभाळत बसायची. साडेसतरा पूर्ण झाल्यावर भरतीला जाता येतं, पण अठराच्या आत आईबापांची संमती लागते. अक्का सही करायला निघाली तर कळलं, तिच्या सहीला किंमत नाही. जेवू घालायचा, तापात उशाशी बसायचा हक्क तिला होता, सहीचा नव्हता. बापाचा पत्ता नाही. समिती म्हणाली, हा निर्णय आम्ही घेणार नाही, कोर्टाला विचारा.

कोर्टात मीही गेले होते, पण मला बाहेरच बसवलं. आत काय झालं ते अक्कानं परतीच्या बसमध्ये सांगितलं. न्यायाधीश बाई चांगल्या होत्या, घाई न करता विचारत होत्या. "हिनं जावं असं तुम्हाला वाटतं का?" अक्का तमिळमध्ये स्पष्ट म्हणाली, हो, जाऊ द्या. आणि मग आयुष्यभराच्या सवयीनं कयलकडे झुकून मराठीत पुटपुटली, "हो बोललें, पण मन नाही गे." बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" खोलीत ती भाषा कळणारं दुसरं कुणी नव्हतं. कयल काहीही सांगू शकली असती. तिनं जसंच्या तसं सांगितलं... सांभाळणाऱ्या बाईंची संमती मनापासून नाही, तेव्हा मुलीनं अठरापर्यंत थांबावं, असा निकाल झाला. त्या वर्षीची भरती हुकली.

मग कुणी ठरवायचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. टाकून गेलेल्या बापानं? मनातून नको म्हणणाऱ्या अक्कानं? की जिला कुणीच कधी काही विचारलं नव्हतं त्या पोरीनं? कोर्टानं निदान विचारलं तरी. पण कोर्टानं विचारलं म्हणूनच ते दोघींमधलं वाक्य सगळ्यांसमोर आलं, आणि त्यानंतर कयल घरात एक शब्द मराठी बोलली नाही. भांडली नाही, उलट उत्तर दिलं नाही. अक्का मराठीत विचारायची, ती तमिळमध्ये सांगायची. अठरा झाल्यावर पुढच्या भरतीत निवड झाली आणि ती गेली. दर रविवारी फोन यायचा, तोही तमिळमध्ये. फोन ठेवल्यावर अक्का म्हणायची, "अस्की बोलली गे, माझ्याशीच नाही बोलली." अस्की म्हणजे सगळं. मी म्हणायचे, येईल वळणावर. आली नाही.

गेल्या रविवारी, अक्काला फोन यायचा त्याच वेळेला, माझा फोन वाजला. कयल होती. रजा मागितली तेव्हा नातं विचारलं, म्हणाली. कागदावर आईच्या जागी अक्काचं नाव नाही, म्हणून मिळाली नाही. हे सगळं ती मराठीत सांगत होती. तेच हेल, तेच "गे", सुंदराक्काच बोलते आहे असं वाटलं. मी विचारलं, "त्या दिवशी दुसरं काही का नाही सांगितलंस?"

"न्यायाधीश बाई माझ्याकडे बघत होत्या, अत्ते. आणि अक्काही बघत होती."

मग म्हणाली, "आतां मी मराठी कुणाशी बोलूं?"

"माझ्याशी बोल."

"तुमची पुण्याची आहे," ती म्हणाली. राग नव्हता त्यात. मग तब्येतीला जपा वगैरे दोन वाक्यं बोलली, तमिळमध्ये, आणि फोन ठेवला.