सांडव्याखालचं नितळ पाणी

धरणाच्या कचेरीत तिला सगळे बुडबुडेबाई म्हणत. नाव तिला आवडायचं नाही, पण चुकीचंही नव्हतं. सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवेचे बुडबुडे खोल ओढून नेतं, तिथल्या दाबाने ती हवा पाण्यात विरघळते आणि माशांच्या रक्तात भिनते. मग सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं, तेच त्यांच्या अंगात होतं. किती दरवाजे उघडले तर ही हवा नदीत कुठवर टिकेल, याचं गणित संगणकावर मांडणं हे तिचं काम. तिचे आकडे सहसा चुकत नसत.

यंदा वीजघराची यंत्रं दुरुस्तीला काढली होती, त्यामुळे सगळं पाणी सांडव्यावरून सोडायचं ठरलं. तिचा थोरला भाऊ खाली नदीत जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवायचा. त्याने आधीच विचारलं होतं. वाटेत खडकाळ उतार आहे, तिथे पाणी खळाळून जादा हवा उडून जाते, तुला काही धोका नाही, असं तिने सांगितलं. दादा निर्धास्त झाला.

दरवाजे उघडल्यावर एका दुपारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. वहिनी वाढत होती. खिडकी उघडी असूनही बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं. एरवी या घरात ओरडूनच बोलावं लागे.

"दादा, उताराचा आवाज कुठे गेला?"

"बुडाला तो. खालच्या बंधाऱ्याची उंची वाढवली ना, पाणी मागे तुंबलंय. बरंच झालं, पिंजरे आता हलत नाहीत."

तिच्या संगणकातली नदी अजून जुनीच होती. बंधारा दुसऱ्या खात्याचा. त्यांनी कळवलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

घास तसाच टाकून ती पिंजऱ्यांच्या तराफ्यावर गेली. पाणी काचेसारखं नितळ होतं. असं पाणी आपण कधी पाहिलं नाही, असं दादा कौतुकाने सांगत होता. तिने एक मासा काढून त्याचा पर उन्हात धरला. कातडीखाली बारीक फुगे ओळीने बसले होते. डोळे किंचित बाहेर आले होते.

तिने तिथूनच मुख्य अभियंत्याला फोन लावला. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. धरण काठोकाठ भरलंय, दरवाजे बंद करणं शक्य नाही, असं ते म्हणाले. पाणी सगळ्या दरवाज्यांतून वाटून सोडलं तर जोर कमी होईल, पण बाकीचे दरवाजे गंजून अडकलेत, खोलायला वेळ लागेल. साहेब खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

"पिंजरे खोल सोड," ती दादाला म्हणाली. "खाली दाब असतो, रक्तातली हवा सुटत नाही."

"तूच म्हणालीस काही होणार नाही. आता तूच म्हणतेस बुडव. कुठलं खरं धरू?"

"आधीचं चुकलं माझं."

दादाने दोराला हात लावला नाही. वहिनीने मात्र पदर खोचला आणि दोरांना दगड बांधायला घेतले. शेवटी त्याने निम्मे पिंजरे खाली सोडले, निम्मे तसेच ठेवले.

वरचे मासे आधी गोल गोल फिरू लागले, मग पांढरी पोटं वर आली. खालचे ओढून बघायचीही सोय नव्हती. वर आणले की तेही फुगले असते. वहिनी दोर मुठीत धरून बसायची. कधी हिसका जाणवायचा, कधी काहीच नाही.

गंजलेले दरवाजे एकदाचे सुटले, पाण्यातली जादा हवा उतरली, आणि पिंजरे वर घेतले तेव्हा खालचे बहुतेक मासे जिवंत होते. पण बंधाऱ्यापाशी नदीतल्या मोकळ्या माशांचा खच पडला होता. त्यांना कोण खोल सोडणार?

तिने नव्या नदीवर गणित पुन्हा मांडलं. जादा हवा बंधाऱ्याच्याही पलीकडे जात होती, नकाशा संपेपर्यंत. बंधारा आणखी उंच करायचं घाटत असल्याचं साहेबांनी तिला सांगितलं, आवाज न चढवता.

दादाने अबोला धरला नाही. जेवायला बोलावतो, हसतो. मात्र सांडवा वाहू लागला की तो तिला काही विचारत नाही, गुपचूप पिंजरे खाली सोडतो.