कोळी चौथऱ्यापुढचा विलास

शिनोलीहून विलासच्या आईचा फोन आला. "बाबा, त्याचा शिवनेरीवरचा फोटो तुझ्याकडं हाय ना? मोठा करून आण. त्याच्या आठवणीच्या पुण्यानुमोदनाला लावायचाय."

फोटो माझ्या काळ्या ट्रंकेत होता. गडाच्या माथ्यावर कोळी चौथरा आहे. बंडात मारल्या गेलेल्या कोळ्यांची समाधी म्हणून लोक तो दाखवतात. त्यापुढे आळेफाट्याचं एक कुटुंब उभं आहे आणि मधे आम्ही दोघे. आमचे बारीक केस बघून त्यांनीच हाक मारली होती, "फौजी का राव? या, मधी उभं ऱ्हा." नंतर त्यांच्या डब्यातल्या गूळपोळ्या खाल्ल्या. विलासने तीन. त्यांनी पत्ता घेतला आणि खरंच फोटो पाठवला.

फोटोत विलासच्या पॅन्टचा गुडघा फाटलेला आहे. बाकी सगळे पायऱ्यांनी आले होते. आम्ही मागच्या कड्यावरून, साखळीच्या वाटेने. हट्ट माझा.

सुट्टी संपली. दोघे काश्मीरला पोस्टवर परतलो. मी नायक, तो लान्स नायक. काम लिंक पेट्रोलचं, म्हणजे गस्तीचं. खालच्या पोस्टच्या माणसांना अर्ध्या वाटेत भेटायचं आणि परत यायचं. बर्फातली वाट लाल झेंड्यांनी आखलेली होती. पोस्ट कमांडरचा हुकूम एकच, झेंडा सोडायचा नाही.

त्या दुपारी परतताना ढग उतरू लागले. झेंडे धारेवरून लांबचा वळसा घेत होते. मधला उतार आडवा कापला की पोस्ट समोर. पेट्रोल लीडर मी. म्हणालो, "इथनं काढू."

विलास थांबला. "साहेब नको म्हणालेत."

"साखळी धरून कडा चढलेला गडी तू. आता पायऱ्या मागतो व्हय?"

मागचे दोघे हसले. तोही हसला. "बरं राव, मी पुढं व्हतो. तुझं वजन लई हाय."

तो मधोमध पोचला आणि उतारावरचं बर्फ सुटलं. आवाज फार झाला नाही.

वायरलेस सेट खरखरला. "अल्फा फोर, हेडकाउंट दे. ओव्हर."

"एक कमी. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी त्याचा देह सापडला. चौकशीत मी सांगितलं, विलास पुढे होता, आम्ही मागे. मागच्या दोघांनी माझ्याकडे पाहून तेच सांगितलं. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. गावात एवढंच पोचलं की पोराने हुकूम मोडला. "माझा विलास तसा न्हाई," आई दर खेपेला म्हणायची. मी चहा पिऊन निघायचो.

या वेळी फोटो तिच्या हातात दिला आणि बोललो. "आई, वाट त्याने नाही सोडली. मी सोडायला लावली. गडावरही पायऱ्या सोडून कड्याने मीच नेलं होतं."

तिने फोटोतल्या फाटक्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "ही पॅन्ट मी शिवली. पायरीवर घसारलो, म्हणला." मग म्हणाली, "तवाबी तुझं नाव न्हाई घेतलं त्यानं."

तिने पदराने फोटोची काच पुसली.

"उद्या समद्यांम्होरं सांगशील?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली. फोटोपुढे मेणबत्ती लागली. सगळी भावकी बसलेली होती. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि रिपोर्ट दिला, जो त्याच दिवशी द्यायला हवा होता.

"लान्स नायक विलास रोकडे यांनी हुकूम मोडला नाही. पेट्रोल लीडरने सांगितलं, म्हणून ते गेले. पेट्रोल लीडर मी होतो."