ठिणगी न पडणारी गाडी

मी प्लग काढून इंजिनाला टेकवला, वर हाताची सावली धरली आणि आत बसलेल्या मिस्त्रींना स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन फिरलं, ठिणगी मात्र पडेना.

“काहून रे, कॉइल गेली का?” मिस्त्रींचा आवाज थकलेला.

कॉइल चांगली होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर आत करंट पुढे नेणारा रोटरच नाही. सकाळी मिस्त्रींनीच तो काढून खालचे पॉइंट घासले होते आणि सवयीप्रमाणे रोटर शर्टाच्या खिशात टाकला होता. तो अजून तिथंच होता.

हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सातवीत माझी शाळा सुटली. घरापासून इतक्या लांब, नागपुरात, याच माणसानं मला हाताशी धरलं. करंट असतो, प्लगही असतो, मधला एवढासा तुकडा नसला की सगळं ठप्प. मिस्त्रीच असे विसरायला लागले तर मी कुणाच्या भरवशावर राहू?

मी खिशाकडे बोट दाखवलं. मिस्त्री ओशाळले.

“बाप्पा! झाकण लावायच्या आधी आता तूच पाहत जाय रे.”

“हो, मिस्त्री.”

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.