गारगोटीची गाडी

शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ पुठ्ठ्याचे तुकडे न्यायला यायचे. प्रत्येक तुकडा जरासा वाकवून, डोळ्याजवळ धरून बघायचे आणि मगच पिशवीत ठेवायचे. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा मोठा पुठ्ठा त्यांना पेलवेना, म्हणून मीच घरी पोचवायला गेलो.

आतल्या खोलीत पलंगाएवढ्या फळीवर अख्खी रेल्वे मांडली होती. पुठ्ठ्याचं स्टेशन, आगकाड्यांची बाकं, भुशाला हिरवा रंग देऊन केलेला ऊस. स्टेशनावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘गारगोटी’.

“काका, आपली रेल्वे कोल्हापुरातच संपते,” मी उगाच शहाणपणा केला.

“म्हणून तर आपणच न्हेली की. हिचं माहेर हाय तिथं, आन् हिला एसटी लागती. जलमभर उलट्या करत माहेराला गेली.”

विकत आणलेल्या डब्याच्या खिडक्याही त्यांनी पात्यानं कापून मोठ्या केल्या होत्या. का, तर वारं लागाय पायजे.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. “पावण्यांस्नी दावा की चालवून,” म्हणत त्या फळीजवळ खुर्ची ओढून बसल्या. गाडी सुटली आणि उसातून निघाली. डोंगराचं वळण आलं, तसा काकूंनी सवयीनं पदर तोंडाला लावला.

काकांनी बटण जरासं मागं फिरवलं आणि गाडी हळू केली.