वॉशर सुके ठेवा

लग्नानंतर तीन वर्षं माझे सासरे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. भांडण झालं होतं असंही नाही. भांडायला तोंड उघडावं लागतं, आणि माझ्यापुढे ते उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मानपानात मात्र काडीची कसूर नव्हती. बसायला पाट, हात धुवायला गरम पाणी, पहिलं ताट जावयाचं. मी हातभर अंतरावर जेवत असलो की ते सासूबाईंना म्हणत, "त्यांना विचार, भात हवाय का." सासूबाई माझ्याकडे वळत, "भात हवाय का?" मी म्हणे, "थोडा." सासूबाई पुन्हा तिकडे वळत, "थोडा म्हणतात." एवढ्या वेळात भात गार व्हायचा.

त्यांचं घर दापोलीच्या पुढे, अगदी समुद्राला लागून. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर रोज खडकावर बसून मासे धरणारे. मुलगी नर्सिंग शिकायला म्हणून नाशिकला आली आणि सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणाऱ्या माझ्याशी लग्न करून मोकळी झाली. माझ्यात त्यांना एकच खोट दिसत होती: मी नाशिकचा. नाशिकला गोदावरी आहे, धरण आहे, द्राक्षं आहेत, पण समुद्र नाही. मला याचा भयंकर राग यायचा. समुद्र काय मी पळवून नेला होता? पण खरं दुखणं अंतराचं होतं, हे मलाही कळत होतं. एकुलती एक मुलगी दिवसभराच्या एसटीच्या प्रवासाएवढी लांब गेली होती. माहेरून परतताना बायको महाडपर्यंत रडायची आणि महाडच्या पुढे माझ्याशी भांडायची. "एकदा तरी बोलायला लावा त्यांना," एवढंच तिचं मागणं होतं. जसं काही मीच त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ती अशीच एकदा माहेरून आली, आणि तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड काढून टेबलावर ठेवलं.

"बाबांचं रीळ. जाम झालंय. 'त्यांच्या कारखान्यात होतंय का बघ' म्हणाले."

तीन वर्षांत माझ्याबद्दलचं हे पहिलं बरं वाक्य. मी रीळ हातात घेतलं. जहाजावर नोकरीला असलेल्या पुतण्याने कधीतरी आणून दिलेलं, दोन जाड चकत्यांच्या मध्ये तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, गुंडाळायची नळी, बाजूला दांडा आणि दांड्याच्या बुडाशी चांदणीच्या आकाराचं चाक. दांडा ढिम्म हलत नव्हता. वास मात्र असा जिवंत होता की माझ्या माळकरी आईने ते ताबडतोब जिन्यात ठेवायला लावलं.

दुरुस्तीवाला शोधायला मी मेन रोडवर गेलो. "रीळ आहे का?" असं पहिल्या दुकानात विचारलं तर त्यांनी दोऱ्याच्या रिळांचा खोका पुढे केला, "ब्लाऊज कुठल्या रंगाचा?" दुसरीकडे फोटोवाला म्हणाला, "छत्तीसचं देऊ?" तिसरा कॅसेटवाला. त्याने न बघताच सल्ला दिला, "भोकात पेन्सिल घाला आणि फिरवा." मासे धरायचं रीळ म्हटल्यावर तिघांनीही माझ्याकडे सारख्याच काळजीने पाहिलं.

पुढच्याच महिन्यात कारखान्याच्या कामाने मुंबईला जाणं झालं, तेव्हा गळ, काठ्या आणि तंगूस विकणारं एक दुकान गाठलं. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कुठे बसता? खडकावर की होडीत?"

"मी नाशिकला बसतो."

त्यांनी चष्मा वर केला. मग मी सगळी कहाणी सांगितली आणि काचेतल्या एका सोनेरी रिळाकडे बोट दाखवलं. ते इतकं झळकत होतं की सासरे ते बघूनच बोलतील असं मला वाटलं. म्हातारबुवांनी ते काढूनच दिलं नाही. "हे शोकेसमध्ये ठेवायला. आत बेअरिंगच बेअरिंग. खाऱ्या पाण्यात जेवढी बेअरिंग जास्त, तेवढ्या गंजायच्या जागा जास्त." तंगूस आपोआप सारखं पसरवणारं एक रीळ होतं, त्याच्या त्या सरकत्या भागात वाळू गेली की संपलं, म्हणाले. एक हलकं होतं, त्याच्या बाजू प्लॅस्टिकच्या. मोठा मासा लागला की त्या पिळवटतात. असं करत करत त्यांनी आपलं निम्मं दुकान नापास केलं आणि सासऱ्यांचं रीळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अखंड सांगाडा, पितळी गिअर. हे सोडून नवं घेणार? मीठ बसलंय फक्त. उघडा आणि धुवा." त्यांनी ब्रेकचे नवे वॉशर एका पुडीत बांधून दिले. मी पायरी उतरत असताना मागून ओरडले, "वॉशर सुके ठेवा बरं का!"

"हो, हो," मी म्हणालो.

त्या चांदणीच्या चाकाचं काम मला चांगलं समजलं होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. चाक आवळलं की आतले वॉशर एकमेकांवर दाबले जातात. मासा जोरात ओढायला लागला की रीळ तंगूस सोडतं, पण झगडत झगडत सोडतं. तंगूस तुटत नाही आणि मासा दमतो. थोडक्यात, तो ब्रेक. मी बारा वर्षं मशीनवर काढलेला माणूस, ब्रेक मला कळत नव्हता असं नाही. पण आमच्या टूलरूममध्ये ओलं म्हणजे पाण्याने ओलं. तेल लावलेल्या वस्तूला कोणी ओली म्हणत नाही, तिला व्यवस्थित म्हणतात. वॉशर सुके ठेवायचे म्हणजे त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. आणि पाणी लागू द्यायचं नसेल तर तेलाशिवाय इलाज नाही. हा विचार मला इतका बिनतोड वाटला की मी तो कोणाला विचारूनही पाहिला नाही.

रीळ आधी दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. मग जेवणाच्या सुट्टीत उघडलं. आतून मिठाचे खडे पडले, पितळेवर हिरवट थर. एक स्क्रू तुटला, तो मी लेथवर स्टीलचा नवा करून घातला. जुन्या टूथब्रशने दातन् दात घासला, गोड्या पाण्याने धुऊन वाळवला, गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब. इथवर मी जे केलं त्याला समुद्रावरच्या कुठल्याही माणसाने नाव ठेवलं नसतं. त्यानंतर मी ते नवे कोरे वॉशर मशीन ऑईलमध्ये दिवसभर मुरत ठेवले, गुलाबजाम पाकात ठेवतात तसे.

तंगूस भरायचं काम कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराने केलं. तो मालेगावचा, घरी यंत्रमाग, त्यामुळे गुंडाळायच्या कुठल्याही गोष्टीत तो स्वतःला अधिकारी समजे. "सूत ढिलं भरलं ना भाऊ, तर वरचं आत रुततं. मग लय बेक्कार काम." त्याने चिंधीतून तंगूस ताणून धरलं, मी दांडा फिरवला, आणि नळी अशी भरली की मापाच्या पट्टीने बघावी.

राहिली चाचणी. रविवारी सकाळी आम्ही दोघं गोल्फ क्लब मैदानावर गेलो. जोडीदाराने मासा व्हायचं कबूल केलं होतं. तंगुसाचं टोक त्याच्या मोपेडच्या कॅरिअरला बांधलं, मी चाक आवळलं आणि म्हणालो, "पळ." मोपेड पळाली. रीळ इतकं गोड फिरत होतं की मला भरून आलं. ना धक्का, ना खरखर. मी चाक आणखी आवळलं. मोपेडला त्याचा पत्ताही लागला नाही. फिरायला आलेले लोक गोळा झाले. त्यांत येवल्याकडचे एक काका होते. पतंगाचा मांजा गुंडाळायच्या आसारीशिवाय दुसरं काही त्यांनी पाहिलेलं नसावं. "आसारी लय भारी हाय," ते म्हणाले, "पण पतंग कुठं हाय?"

जोडीदार मैदानाच्या पार टोकाला जाऊन आला. "भाऊ, मागं काही बांधलंय असं वाटतच नाय!" हे त्याने कौतुकाने सांगितलं आणि मी कौतुकानेच ऐकलं. कोणा शहाण्याने तिथेच डोक्याला हात लावला असता. आम्ही मिसळ खायला गेलो.

दिवाळीनंतर रीळ घेऊन आम्ही दापोलीला गेलो. सासऱ्यांनी फडकं सोडलं, दांडा फिरवला, कान लावला. लग्नाची बोलणी करायला गेलो होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. शेवटी ते सासूबाईंना म्हणाले, "त्यांना सांग, आवाज चांगला आहे."

"आवाज चांगला आहे म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक निरोप आला. "त्यांना यायचं असेल तर खडकावर चला म्हणावं." मी निघालो. पण ते माझ्याशी बोलत नसल्यामुळे सासूबाईंनाही यावं लागलं. पदर खोचून, हातात चपला घेऊन, बिचाऱ्या खडकांवरून उड्या मारत आल्या आणि आमच्या दोघांच्या मधल्या दगडावर बसल्या.

भरती चढत होती. सासऱ्यांनी गळाला कोळंबी लावली, नळीवर अंगठा ठेवून काठी फिरवली, आणि गळ त्यांना हवा तिथे पडला. तासभर काही लागलं नाही. मग काठी एकदम वाकली. "तांबोशी!" ते उभे राहिले. "मोठी आहे!"

"मोठी आहे म्हणतात," सासूबाईंनी मला सांगितलं.

तांबोशी लागली की ती खडकाच्या कपारीकडे धावते, आणि कपारीत शिरायच्या आत तिला रोखावं लागतं. सासऱ्यांनी चाक आवळलं. तंगूस जातच राहिलं. आणखी आवळलं. तेवढ्याच गोडीने जात राहिलं. त्यांनी नळीवर अंगठा दाबला आणि चटका बसून काढला. माशाला मागे काही बांधलंय असं वाटतच नसणार. तंगूस कपारीत गेलं, दगडावर घासलं आणि काठी सरळ झाली.

सासऱ्यांनी रीळ वर धरलं. चांदणीखालून तेलाचा बारीक ओघळ आला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला. चेहरा तापत तापत लाल झाला. मी सवयीने सासूबाईंकडे पाहिलं, पण सासऱ्यांनी पाहिलं नाही. ते सरळ माझ्याकडे वळले.

"मेल्या, ब्रेकला तेल लावतात काय रे?"

"दुकानदार म्हणाले, सुके ठेवा."

"मग?"

"सुकेच होते, बाबा. पाण्याचा एक थेंब लागू दिला नाही."

मग सासरे जे सुरू झाले ते थांबेचनात. गाढव म्हणाले, बैल म्हणाले, तुझ्या कारखान्यातून काय गाड्या विनाब्रेकच्या निघतात का म्हणाले. मासा केवढा होता ते दोन्ही हात पसरून दाखवलं. घरी गेल्यावर चाक सैल करून ठेवायचं, धुताना नळाची धार मारायची नाही, नाहीतर मीठ आणखी आत जातं, हेही त्याच आवाजात सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला इतका आनंद झाला होता की तोंड वर करायची सोय नव्हती.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ते म्हणतात, ब्रेकला तेल..."

"तू थांब गं," सासरे ओरडले. "मी बोलतोय ना त्याच्याशी!"

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्या उठल्या, पदर झटकला, चपला उचलल्या आणि एकट्याच घराकडे चालू लागल्या. तिथे आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं.