पंगतीचं सूत्र

गुरुजी प्रत्येक सूत्र आधी पेन्सिलीनं लिहायचे. ते अडाणी माणसाच्या तोंडातून न अडखळता बाहेर पडलं, की मगच त्यावर पेन फिरायचं. आणि त्यांचं ते अडाणी तोंड म्हणजे मी आणि माझी बायको सुभद्रा.

वसमतच्या ज्या शाळेत ते संस्कृत शिकवायचे तिथं मी शिपाई होतो. शिक्षण चौथी. आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो आणि लगेच गुरुजींनी नवा ग्रंथ लिहायला घेतला. संस्कृतात, जुन्या ग्रंथांसारखा, सूत्रांचा. विषय योग. "पण मामा, नाक धरून बसायचा योग नाही हा," ते म्हणाले. "माणसानं माणसांत कसं राहावं, त्याचा योग. जुन्यांनी श्वास सांगितला, शेजारी सांगायचा राहिला." शाळेत शिपायाला सगळेच मामा म्हणायचे. गुरुजी शाळा सुटल्यावरही म्हणत राहिले.

दर गुरुवारी सकाळी ते वही घेऊन घरी यायचे. एकेक सूत्र म्हणायचे आणि आम्हाला म्हणायला लावायचे. "जिभेला अडलं तर दोष सूत्राचा, जिभेचा नाही," हे त्यांचं ठरलेलं. माझी जीभ सगळीकडंच अडायची. सुभद्रा हसायची, "ह्यांची जीभ शाळेच्या घंटीवानी हाय गुरुजी, एकच आवाज काढती. तुमी मला इचारा." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोनदा ऐकलं की पाठ. तिच्या तोंडून पास झालं की गुरुजी खिशातून पेन काढायचे.

आमची वस्ती बौद्धांची. गुरुजी ओट्यावर कधी टेकले नाहीत, थेट चुलीपुढं येऊन बसायचे. भाकरी खायची आणि ताट स्वतः धुवायचं. सुभद्रा ओढून घ्यायला गेली की म्हणायचे, "वहिनी, ताट धुतल्याशिवाय मला भाकरी पचत नाही." त्यांच्या घरी आम्ही गेलो तर बाई, म्हणजे गुरुजींची बायको, त्यासुद्धा चौघांची ताटं शेजारी शेजारी मांडायच्या. त्यांच्या गल्लीत लोक नावं ठेवायचे. गुरुजी त्यांच्याकडं पाठ फिरवायचे. हे सगळं खरं आहे. ते खोटं असतं तर मला एवढं लागलंच नसतं.

एका गुरुवारी ते सांगत होते की ध्यानात डोळे मिटले की सगळे एकच होतात, कोणी वेगळा राहत नाही. सुभद्रा भाकरी थापून राहिली होती. ती म्हणाली, "डोळे मिटले की समदे एक, मंग उघडल्यावर पंगत अलग काहून गुरुजी? का माणसानं डोळे मिटूनच जेवायचं?"

गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला. हात धुऊन त्यांनी वही उघडली आणि लिहिलं : यत्र पङ्क्तिभेदः तत्र न योगः। जिथं पंगतीत भेद, तिथं योग नाही. ते एकच सूत्र त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं नाही, सरळ पेनानं लिहिलं. "दुसरा अध्याय, अठ्ठेचाळिसावं," ते म्हणाले. "हे माझं नाही, वहिनींचं. ग्रंथात असंच राहील." सुभद्रानं ते विहारात, दळणाच्या गिरणीत, सगळ्यांना म्हणून दाखवलं.

ग्रंथ छापून झाला. प्रकाशनाला मोठा मंडप, मोठे लोक. गुरुजींनी माईकवर बरीच सूत्रं म्हटली, तिचं काही आलं नाही. परतताना तीच म्हणाली, "येळ कमी पडला असंल." चार दिवसांनी गुरुजी पुस्तक घेऊन घरी आले. तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं, "माझं कुठं हाय?" गुरुजींनी पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा वहिनी, इथं."

तिनं त्या पानाचा कोपरा दुमडला. पुढची तीन वर्षं रोज सकाळी वंदना झाली की त्या ओळीवर बोट ठेवून ती आपलं सूत्र म्हणायची. मीही ती ओळ कधी वाचून पाहिली नाही; बोट गुरुजींनी ठेवलं होतं. हिंगोलीच्या दवाखान्यात शेवटी नाकाला नळी असताना पुस्तक उशाखाली होतं. नर्सबाईला सांगायची, "ह्याच्यात मी हाव." गेली तेव्हा गुरुजी आले होते. लेकरासारखे रडले.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले, त्या दिवशी मी नातीला म्हणालो, आजीचं सूत्र सगळ्यांना वाचून दाखव. ती नववीत आहे, शाळेत संस्कृत शिकते. तिनं दुमडलेलं पान उघडलं आणि ओळ दोनदा वाचली.

"आबा, इथं ते न्हाई. अठ्ठेचाळिसावं येगळंच हाय. मनसि समता योगः। मनात समता ठेवणं म्हंजे योग."

तिनं सगळं पुस्तक चाळलं. माणसं बसून राहिली. कुठंच नव्हतं. मनात समता. म्हणजे ताट ज्याचं त्याच्या घरी.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी गेलो. पुस्तक पुढं ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही.

"छापायला मदत करणारे अडून बसले," ते म्हणाले. "हे सूत्र ठेवाल तर आम्ही नाही. दोनशे सूत्रं वाचवायला एक सोडलं, मामा."

"तुमची दोनशे हायेत. तिचं एकच होतं."

मी दुमडलेलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं.

"सोडलं ते सोडलं. बोट काहून ठेवलं?"

"त्या इतक्या आशेनं बघत होत्या. नाही म्हणवलं नाही."

"हात थरथरला बी न्हाई तुमचा?"

"थरथरला. वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, लई थकलात तुमी गुरुजी, जेवूनच जा." ते थांबले. "आणि मी जेवलो."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, आत्ता लिहून देतो, माझ्या हातानं, सहीनिशी. मी म्हणालो, "कोणाला दाखवू?" त्यांनी पेन मिटलं.

तेवढ्यात बाईंनी आतून दोन ताटं आणली. नेहमीसारखी शेजारी शेजारी. गुरुजी एका ताटापाशी बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. घास घेतला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून मी उपाशी कधी उठलो नव्हतो.

"बसा मामा," बाई म्हणाल्या. "भाजी निवून राहिली."

"न्हाई बाई," मी म्हणालो. "मी ह्यांच्या पंगतीला बसणार न्हाई."

चपला घातल्या आणि निघालो. त्या घरात आजवर पंक्तिभेद कधी झाला नव्हता. त्या दिवशी तो मी केला.