डेल्बर्टने उकरलेली माती

आमच्या ओक्लाहोमात दोन गोष्टी लपत नाहीत : विधवेचा नवा मित्र आणि कच्च्या तेलाचा वास. तरी आमच्या पंपिंग स्टेशनवर दुसरी गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं लपवली. फाटकावर पाटी होती, तेल न सांडता गेलेले दिवस मोजणारी. वर्षभर ती शून्यावर आली नाही, तर कंपनीतर्फे सगळ्यांना बायकापोरांसकट स्टेकची जेवणावळ. त्यामुळे टोपीभर तेल गळलं तर आम्ही मांजर करतं तेच करायचो. माती लोटायची.

डेल्बर्ट हॅस्क्यूनेही लोटली. वर्ष भरत आलेलं, आणि ओढ्याकडचा व्हॉल्व्ह गळला. पण हा गडी जात्याच चुळबुळ्या. चर्चमध्ये त्याचा पाय हलला की अख्खा बाक हलतो. त्या रविवारी तर प्रवचन अर्ध्यावर टाकून तो गाडी काढून सुटला. मागे राहिलेल्या बायकोला, नेडीनला, मीच माझ्या गाडीत घेतलं. काय चाललंय ते बघायला नको?

व्हॉल्व्हपाशी, चर्चला घातलेल्या कोटातच, तो फावडं मारत होता. खाली हातभर खोल काळी माती, थेट ओढ्याकडे सरकलेली. ओढ्यावर शेजाऱ्यांच्या गाई पाणी पितात.

"कळवलं तर जेवण गेलं," डेल्बर्ट म्हणाला. "स्टेशनवरची पोरं मला जिवंत सोडणार नाहीत."

"आणि नाही कळवलंस तर रात्रभर पलंग हलवशील," नेडीन म्हणाली. "कळव बाबा. मला झोप हवीय."

पाटी शून्यावर आली. स्टेशनच्या साहेबांच्या बायकोने जेवणासाठी घेतलेला ड्रेस दुकानात परत केला आणि गावभर सांगितलंही. कॅफेत डेल्बर्टच्या टेबलाशी कोणी बसेना. तो एकटाच पाय हलवत बसायचा.

तेल कंपन्या आपापल्या गळत्या, नाव न घालता, एका सामाईक नोंदीत टाकतात. डेल्बर्टची गळती तिथे गेली, तेव्हा कळलं की त्याच्या व्हॉल्व्हमध्ये तेल अडवणारं जे सील होतं, त्याच बनावटीचं इतर राज्यांतही फाटत होतं. मग आमच्या लाइनवरची सगळी सीलं बदलायला घेतली. पुलाजवळच्या व्हॉल्व्हखालीही ताजी लोटलेली माती निघाली. ती कोणाची, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्याच सकाळी साहेब आपली कॉफी उचलून डेल्बर्टसमोर येऊन बसले.

"तो पाय थांबव रे," ते कुरकुरले. "माझी कॉफी सांडेल."

"सांडली की कळवतो," डेल्बर्ट म्हणाला.